स्तनपुनर्रचनेनंतर स्पर्श परत येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरते तेव्हा डॉक्टरांशी होणाऱ्या बोलण्यात आकार, व्रण, रुग्णालयातले दिवस आणि खर्च हे विषय हमखास येतात. नव्याने घडवलेला स्तन हाताला लागेल, पण हात लागलेला त्याला कळणार नाही, ही गोष्ट मात्र पुष्कळ स्त्रियांना पट्टी निघाल्यावरच समजते. त्यानंतर मनात येणाऱ्या आणि खरे तर त्याआधीच विचारायला हव्या होत्या अशा प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येकीची शस्त्रक्रिया वेगळी असल्यामुळे स्वतःविषयीचा निर्णय आपल्या शल्यचिकित्सकांशी बोलूनच घ्यावा.

पुनर्रचना केलेला स्तन बधीर का असतो?

स्तनाच्या त्वचेला स्पर्श कळतो तो मुख्यतः बरगड्यांच्या मधून बाहेर येणाऱ्या इंटरकोस्टल मज्जातंतूंमुळे. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या मज्जातंतूंच्या बारीक शाखा दोन वाटांनी त्वचेपर्यंत पोहोचतात. काही छातीच्या मध्यावर उरोस्थीच्या कडेने, तर काही काखेच्या खालून बाजूने. स्तनाग्राकडे जाणारी सर्वांत महत्त्वाची शाखा बहुधा चौथ्या मज्जातंतूची असते. यांतल्या अनेक शाखा स्तनाच्या ग्रंथीला लागून किंवा तिच्यातून वर येत असल्याने ग्रंथी पूर्ण काढली की त्या तुटतात. वरची त्वचा जागेवर राहते, तिचा रक्तपुरवठाही चालू राहतो, पण तिचा निरोप मेंदूपर्यंत नेणारी तार उरत नाही.

येथे भाषेचाही एक घोटाळा होतो. आपण बोलताना रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. त्यामुळे 'सगळ्या नसा नीट जोडल्या आहेत' असे डॉक्टरांनी सांगितले की स्पर्शही परत येणार, असा समज होतो. प्रत्यक्षात त्या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा रक्तवाहिन्या जोडल्या एवढाच असतो. मज्जातंतू जोडला की नाही, हे वेगळे विचारावे लागते.

म्हणजे शस्त्रक्रियेत काही चूक झाली का?

नाही. कर्करोगाची ग्रंथी पूर्ण काढणे हा शस्त्रक्रियेचा पहिला हेतू आहे आणि बधिरपणा हा बहुतेक वेळा त्याचा अपेक्षित परिणाम असतो. आक्षेप घ्यायचाच, तर तो हे आधी न सांगण्यावर घेता येईल.

काहीच केले नाही तरी संवेदना आपोआप परत येते का?

काही प्रमाणात येते, पण किती येईल हे आधी सांगता येत नाही. आसपासच्या त्वचेतील शाबूत मज्जातंतूंचे धागे हळूहळू बधीर भागाकडे वाढतात. त्यामुळे कडांना, विशेषतः वरच्या आणि आतल्या बाजूला, जाणीव आधी येते आणि मधला भाग सर्वांत शेवटपर्यंत बधीर राहतो. दाब किंवा जड स्पर्श कळू लागणे, हलका स्पर्श कळणे आणि गरम-थंड ओळखता येणे या तीन वेगळ्या गोष्टी असून त्या एकाच वेळी परत येतीलच असे नाही. पुष्कळ स्त्रियांना वर्षभरानंतर दाब कळतो, पण अंगावरून फिरणारा पदर कळत नाही. मूळची संवेदना जशीच्या तशी परत येणे दुर्मीळ आहे. शस्त्रक्रियेपूर्वी कोणी तसे आश्वासन दिले, तर ते कशाच्या आधारे दिले हे विचारायला संकोच करू नये.

इम्प्लांट आणि पोटाच्या त्वचेने केलेली पुनर्रचना यांत संवेदनेच्या दृष्टीने फरक आहे का?

फरक आहे. इम्प्लांटच्या पुनर्रचनेत वरची त्वचा स्तनाचीच असते. तिचे मज्जातंतू तुटलेले असतात आणि खाली सिलिकॉनचे भरण असल्यामुळे खालून नवे धागे वर येण्यास वाट नसते. फ्लॅपच्या पुनर्रचनेत पोटावरची त्वचा आणि चरबी रक्तवाहिन्यांसह छातीवर आणून बसवतात. डीप (DIEP) फ्लॅप या नावाने ओळखली जाणारी पद्धत यांत सर्वाधिक प्रचलित आहे. तीत पोटाचा स्नायू न काढता त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याच सोडवून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली छातीतील वाहिन्यांना जोडतात. फ्लॅप हा जिवंत ऊतींचा असल्याने त्यात कडांवरून आणि खालून मज्जातंतू शिरू शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फ्लॅपचा स्वतःचा मज्जातंतू छातीतल्या मज्जातंतूला मुद्दाम जोडता येतो.

मज्जातंतू जोडतात म्हणजे नेमके काय करतात?

पोटाच्या त्वचेला दहाव्यापासून बाराव्यापर्यंतच्या वक्षीय मज्जातंतूंकडून संवेदना मिळते. फ्लॅप उचलताना रक्तवाहिनीच्या जवळून जाणारी अशी एक शाखा शोधून काढतात आणि तिचा फक्त संवेदनेचा भाग जपून कापून घेतात. स्नायूला चालना देणारा भाग जागेवर ठेवतात, नाही तर पोटाची भिंत कमकुवत होते. छातीवर उरोस्थीच्या कडेला तिसऱ्या इंटरकोस्टल मज्जातंतूची पुढची शाखा सापडते. फ्लॅपच्या रक्तवाहिन्या जोडण्यासाठी शल्यचिकित्सक बहुधा तेथेच काम करीत असतात, त्यामुळे ती सोयीचीही पडते. मग ही दोन टोके केसाहून बारीक धाग्याने सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांना शिवतात. टोके एकमेकांपर्यंत पोहोचत नसतील तर मधे रुग्णाच्याच दुसऱ्या मज्जातंतूचा तुकडा, दात्याकडून घेऊन प्रक्रिया केलेला मज्जातंतू किंवा पोकळ नळी वापरतात. कित्येक तास चालणाऱ्या शस्त्रक्रियेच्या मानाने या टप्प्याला लागणारा जादा वेळ थोडा असतो.

यानंतर जे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. पोटाच्या त्वचेतील जुने धागे कापले गेल्यावर झडून जातात आणि त्यांच्या रिकाम्या नळ्या उरतात. छातीच्या मज्जातंतूतून फुटणारे नवे धागे त्या नळ्यांतून पुढे सरकत त्वचेपर्यंत जातात. त्वचा पोटाची असली तरी निरोप छातीच्या तारेवरून जातो, आणि म्हणून ही संवेदना मेंदूला छातीवरचीच वाटते.

ही कल्पना नवी नाही. बेल्जियममधील घेंट येथील फिलिप ब्लोंडील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच अशा जोडणीचे परिणाम प्रसिद्ध केले होते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे पुढे या विषयावर सातत्याने संशोधन झाले असून जोडणी केलेल्या फ्लॅपमध्ये संवेदना अधिक चांगली परत येते, असा तेथील अभ्यासांचा एकूण कल आहे. मात्र या क्षेत्रातील बहुतेक अभ्यास लहान आहेत आणि संवेदना मोजण्याच्या पद्धती जागोजागी निराळ्या आहेत. तेव्हा मज्जातंतू जोडल्याने शक्यता वाढते एवढेच म्हणता येते, हमी देता येत नाही. माझे मत विचाराल तर फ्लॅप करायचाच असेल आणि शल्यचिकित्सकांना या कामाचा अनुभव असेल, तर जोडणीची मागणी करणे रास्त आहे. केवळ तेवढ्यासाठी इम्प्लांट सोडून मोठी शस्त्रक्रिया पत्करणे मात्र मला पटत नाही.

स्तनाग्र राखले तर त्याची संवेदनाही राहते का?

ते दिसायला राहते, परंतु संवेदना बहुतेक वेळा बरीच कमी होते. थंडीत स्तनाग्र ताठ होताना दिसले म्हणजे स्पर्श कळतो असे नाही. तो तिथल्या स्नायूंचा प्रतिसाद असतो. अलीकडे ग्रंथी काढतानाच बाजूची मज्जातंतूची शाखा शक्य तेथे वाचवणे, आणि ती तुटलीच तर मज्जातंतूच्या तुकड्याने तिचे टोक स्तनाग्राखाली नेऊन जोडणे, असे प्रयत्न होत आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथील अ‍ॅन पेलेड आणि झिव पेलेड या शल्यचिकित्सक दांपत्याने इम्प्लांटच्या पुनर्रचनेतही हे करता येते, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दाखवले. अ‍ॅन पेलेड यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला होता, हे येथे नोंदवावेसे वाटते. गाठ त्या शाखेच्या जवळ असेल तर ती वाचवण्याचा आग्रह धरता येत नाही.

माझी पुनर्रचना होऊन चार वर्षे झाली. आता मज्जातंतू जोडता येईल का?

बहुतेकांच्या बाबतीत ही संधी मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच असते, कारण मज्जातंतूची टोके तेव्हाच समोर दिसत असतात. नंतर ती व्रणात गुरफटतात आणि शोधणे अवघड होते. इम्प्लांट काढून फ्लॅप करण्याचे किंवा दुसरी एखादी सुधारणा करण्याचे ठरलेच असेल, तर त्या वेळी हा प्रश्न पुन्हा उपस्थित करता येतो. फक्त संवेदनेसाठी जुनी पुनर्रचना उघडण्याचा सल्ला सहसा कोणी देत नाही.

संवेदना परत यायला किती काळ लागतो, आणि ती येते आहे हे कसे कळते?

मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे ३ सेंटीमीटर वाढतो. उरोस्थीच्या कडेपासून स्तनाच्या मध्यापर्यंतचे अंतर ८ ते १० सेंटीमीटर धरले, तरी नुसत्या प्रवासाला तीन-चार महिने लागतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे वाढ सुरू होण्यातच जातात. त्यामुळे सहा महिन्यांच्या आत फारसे काही न कळणे स्वाभाविक आहे. सुधारणा दोन वर्षांपर्यंत, कधी त्याहून पुढेही, होत राहते.

मोजमापासाठी नायलॉनच्या निरनिराळ्या जाडीच्या केसांसारखे दोरे वापरतात. दोरा त्वचेवर टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. किती जाडीचा दोरा कळला यावरून संवेदनेची पातळी ठरते. जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांच्या नावाने ओळखले जाणारे हे दोरे आपल्याकडे कुष्ठरोगाच्या कामात आणि मधुमेहींच्या पायांच्या तपासणीत परिचयाचे आहेत. स्तनासाठी ते मागितले तर कदाचित कोणी चमकेल, पण मागावे. शस्त्रक्रियेपूर्वी एकदा मोजून ठेवले असेल तर पुढची तुलना अर्थपूर्ण होते.

मधेच वीज चमकल्यासारखी कळ येते, झिणझिण्या येतात, खाज सुटते आणि खाजवले तर काही कळत नाही. हे चांगले की वाईट?

बऱ्याचदा हे वाढत्या मज्जातंतूचे लक्षण असते. व्रणाजवळ बोटाने हलके टिचकी मारल्यावर मुंग्या येत असतील आणि ती जागा महिन्यागणिक पुढे सरकत असेल, तर वाढ चालू आहे असे समजतात. काढलेला स्तन अजून जागेवर असल्याची जाणीव होणे, त्याला खाज सुटणे, हेही अनेकींना होते आणि तो भ्रम किंवा मानसिक दुबळेपणा नव्हे.

परंतु एकाच ठरावीक ठिकाणी स्पर्श करताच शॉक बसतो, ती जागा हलत नाही, कपडाही सहन होत नाही किंवा जळजळ तीन महिन्यांनंतरही टिकून आहे, तर सहन करत बसू नये. तुटलेल्या टोकाशी मज्जातंतूची बारीक गाठ होऊ शकते. तिला न्यूरोमा म्हणतात. ती कर्करोगाची गाठ नसते. यावर औषधे, ठरावीक जागी इंजेक्शन आणि क्वचित शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा नैराश्यावरची काही औषधे अशा वेदनेसाठी देतात, पण टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध चालू असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण यांतली काही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. शेजारणीला लागू पडलेली गोळी स्वतःहून सुरू करू नये.

बधीर स्तनाची रोजची काळजी काय घ्यावी?

या प्रश्नाला सर्वाधिक जागा द्यायला हवी, कारण येथे होणारी इजा पूर्णपणे टाळता येण्याजोगी असते. पुनर्रचना केलेल्या स्तनाला गरम पाण्याच्या पिशवीने, शेकाच्या विजेवरील पट्ट्याने, इतकेच काय पण कडक उन्हानेही भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात वारंवार आल्या आहेत. चटका बसल्यावर आपण हात झटकन मागे घेतो. बधीर त्वचेला तो इशारा मिळतच नाही, आणि फोड आलेला आंघोळीच्या वेळी दिसतो.

आपल्या घरांत धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. खोकला झाला की तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती या छातीवर पूर्ण बंद करावी. पाठ किंवा खांदा शेकतानाही पिशवी सरकून पुढे येते, म्हणून ती घेऊन झोपू नये. फोडणीतून उडालेले तेल, कुकरची वाफ, ओट्यावर वाकून मागच्या शेगडीवरचे पातेले उचलणे, थंडीत शेकोटीजवळ बसणे, या वेळी त्या बाजूकडे डोळ्यांनी लक्ष ठेवावे लागते, कारण त्वचा ते काम करत नाही. आंघोळीचे पाणी अंगावर घेण्याआधी शाबूत हाताच्या कोपराने तपासावे. बर्फाचा शेकही थेट लावू नये; थंडीनेही त्वचेला इजा होते. आणखी एक सावधगिरी शब्दांची आहे: किरणोपचाराला काही जणी बोलताना शेक म्हणतात, त्यामुळे 'डॉक्टरांनी शेक सांगितला आहे' हे वाक्य ऐकून घरच्या कोणी गरम पिशवी आणून ठेवू नये.

ब्रेसियरची तार किंवा शिवण, मंगळसूत्राचा किंवा पिनेचा दाब, तिरक्या सीटबेल्टचे घासणे हे कळत नसल्याने रात्री आरशात एकदा त्वचा पाहण्याची सवय लावावी. पोटावरून फ्लॅप घेतला असेल तर बेंबीखालचा भागही बराच काळ बधीर असतो. परकराची किंवा सलवारीची नाडी तेथे करकचून बांधली तरी समजत नाही.

भाजलेच तर २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली भाग धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये. दुखत नाही म्हणून जखम किरकोळ आहे असे मानू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

घरी काही सराव करून संवेदना सुधारते का?

हाताचा मज्जातंतू तुटल्यावर मेंदूला नव्या निरोपांची ओळख पटवण्यासाठी जो सराव देतात, तोच स्तनासाठीही वापरतात. त्याचे पुरावे हाताच्या बाबतीत अधिक आणि स्तनाच्या बाबतीत कमी आहेत, परंतु व्रण पूर्ण भरल्यानंतर केल्यास त्यात तोटा नाही. दिवसातून दोन वेळा पाच-दहा मिनिटे, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा, कापूस आणि बोटाचे टोक यांनी आधी डोळ्यांनी पाहत आणि मग डोळे मिटून स्पर्श करावा, आणि दुसऱ्या बाजूच्या स्तनावर तोच स्पर्श करून तुलना करावी. त्वचा अतिसंवेदनशील झाली असेल तर मऊ कापडापासून सुरुवात करून हळूहळू टॉवेलसारख्या खरखरीत पोताकडे जावे. खोबरेल तेलाने व्रण चोळण्याने त्वचा सैल राहण्यास मदत होते. मज्जातंतू त्यामुळे लवकर वाढत नाही.

दंडाची आतली बाजू आणि काखही बधीर आहे. तेही स्तनामुळेच का?

काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढताना तेथून दंडाकडे जाणारा संवेदनेचा एक मज्जातंतू ताणला किंवा कापला जातो. हा बधिरपणा त्याचा असतो. हाताची ताकद त्यामुळे कमी होत नाही. काखेतले केस काढताना ब्लेड वापरू नये, कारण कापलेले कळत नाही आणि त्या हाताला सूज येण्याचा धोका आधीच असतो.

कोणत्या गोष्टींमुळे सुधारणा कमी होते?

किरणोपचारानंतर ऊती घट्ट होतात आणि मज्जातंतूंची वाढ मंदावते. मधुमेह अनियंत्रित असेल तर तोही आड येतो. टॅक्सेन गटातील केमोथेरपीने हातापायांना मुंग्या येतात. तो वेगळा त्रास आहे, पण त्यामुळे तपासणाऱ्या बोटांची संवेदनाच कमी होते, हे लक्षात ठेवावे. तंबाखूचा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो तो 'सिगारेट ओढता का' असा, आणि उत्तर अर्थातच 'नाही' असे येते. मिश्री लावणाऱ्या बाईला तो प्रश्न आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही. मिश्रीतही निकोटिन असते, त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप धोक्यात येऊ शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी मिश्रीचा उल्लेख स्वतःहून करावा.

बधीर स्तनात नवी गाठ झाली तर मला कशी कळेल?

गाठ कळते ती तपासणाऱ्या बोटांना, स्तनाला नव्हे. त्यामुळे स्वतःची तपासणी चालूच ठेवावी, आणि दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी ठरल्याप्रमाणे करावी. नवी गाठ, त्वचेचा लालसरपणा, सूज किंवा ताप यांसाठी पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

पतीला हे कसे सांगावे?

सरळ सांगावे. कोठे कळते, कोठे कळत नाही आणि कोठे स्पर्श नकोसा वाटतो, हे त्याला आपोआप समजणार नाही. पुष्कळ पुरुष दुखावेल या भीतीने हात लावणेच सोडतात आणि त्याचा अर्थ पत्नी वेगळा लावते. मानेच्या आणि खांद्याच्या त्वचेची संवेदना बहुधा शाबूत असते. समुपदेशकाकडे दोघांनी मिळून गेल्यास बोलणे सोपे जाते.

विमा मिळतो का?

भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असली, तरी अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून बाहेर ठेवली आहे. 'प्लास्टिक सर्जरी आहे' एवढ्या कारणावरून दावा नाकारला गेला तर हे कलम दाखवून लेखी उत्तर मागावे. मज्जातंतूचा तयार तुकडा किंवा नळी वापरणार असतील तर त्या वस्तूच्या खर्चाला मंजुरी आधीच घ्यावी, कारण तो वेगळा लावला जातो.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना नेमके काय विचारू?

मज्जातंतू राखण्याचा किंवा जोडण्याचा विचार माझ्या बाबतीत होऊ शकतो का, तुम्ही हे काम किती वेळा केले आहे, ग्रंथी काढणारे आणि पुनर्रचना करणारे शल्यचिकित्सक याविषयी आपसांत आधी बोलतील का, आणि संवेदना मोजून कागदावर लिहाल का. यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ग्रंथी काढताना मज्जातंतूचे टोक आखूड कापले गेले, तर नंतर येणाऱ्या शल्यचिकित्सकाच्या हाती जोडायला काही उरत नाही.

कृत्रिम संवेदना देणारे एखादे उपकरण येत आहे, हे खरे का?

शिकागो विद्यापीठात स्टेसी लिंडाउ यांच्या पुढाकाराने असे संशोधन चालू आहे. कृत्रिम हाताला स्पर्शाची जाणीव देण्यावर काम करणारे स्लिमन बेन्समाया हेही २०२३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यात होते. त्वचेखाली दाब ओळखणारे संवेदक बसवायचे आणि त्यांचा निरोप विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी छातीतील मज्जातंतूंना द्यायचा, अशी ती कल्पना आहे. ते प्रायोगिक अवस्थेत आहे. त्याच्या आशेवर आज ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये.